दंतचक्र-पंप : तेलाचा प्रवाह आणि फटींचे गणित

उन्हाळी नांगरटीच्या दिवसांत ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना एक अनुभव नेहमी येतो. सकाळी यंत्र सुरू केले, की नांगर झटकन वर उचलला जातो. दुपार होते, तेल तापते आणि तोच नांगर रेंगाळत वर येऊ लागतो. एंजिन मंद गतीने चालत असेल, तर तो जमिनीतून निघतच नाही. मग कोणीतरी अनुभवी माणूस पाना घेऊन पुढे येतो आणि सुरक्षा-झडपेचा, म्हणजे कारखान्याच्या बोलीत ‘रिलीफ व्हॉल्व्ह’चा, स्क्रू एकदोन आटे आवळतो. पंपाचा दाब कमी झाला आहे, तो वाढवला पाहिजे, अशी त्यामागील समजूत असते. नांगर त्याने बहुधा उचलला जात नाही. उलट पुढे केव्हातरी नळी फुटण्याची अथवा पंपाचा कोश तडकण्याची तरतूद मात्र होऊन बसते.

या समजुतीत चूक कोठे आहे हे कळण्यासाठी पंप मुळात काय करतो हे पाहिले पाहिजे. आपल्याकडील अनेक ट्रॅक्टरांच्या उचल-यंत्रणेत, माल ओतणाऱ्या ट्रकांत आणि कारखान्यांतील लहानमोठ्या दाबयंत्रांत जो पंप बसवलेला असतो, तो बाह्य दात्यांचा दंतचक्र-पंप होय. त्याची रचना इतकी साधी आहे, की तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात या पंपाचे कार्य, त्याचे मोजमाप आणि त्याच्या सामर्थ्याची मर्यादा यांचा क्रमाने विचार केला आहे.

रचना व कार्य

सारख्या मापाची दोन दंतचक्रे एका घट्ट कोशात शेजारी शेजारी बसवलेली असतात. कोशाची पोकळी दोन वर्तुळे एकमेकांत किंचित शिरावीत तशा आकाराची असून, दात्यांची टोके तिच्या भिंतीला जवळजवळ लागून फिरतात. एका चक्राचा दंड बाहेर आलेला असतो व त्याला एंजिनाकडून गती मिळते. हे चालक चक्र होय. दुसरे चक्र त्याच्या दात्यांत गुंतलेले असल्यामुळे आपोआप उलट दिशेने फिरते. चक्रे जेथे गुंततात त्याच्या एका अंगाला तेल आत येण्याचे द्वार व दुसऱ्या अंगाला बाहेर जाण्याचे द्वार असते. झडप एकही नसते.

प्रथमदर्शनी असे वाटते, की चरकाच्या लाटांमधून ऊस जावा तसे तेल दोन चक्रांच्या मधून दाबले जात असावे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. चक्रांच्या मध्यभागी दाते एकमेकांना टेकलेले असतात, त्यामुळे तेथून तेलाला वाट नसते. प्रवेशद्वाराच्या बाजूस दाते एकमेकांतून सुटत असतात. दाता खाचेतून बाहेर पडला, की ती खाच रिकामी होते आणि टाकीतील तेल तेथे शिरते. ही भरलेली खाच मग कोशाच्या भिंतीला लागून बाहेरच्या बाजूने अर्धा फेरा करते. चरकापेक्षा रहाटगाडग्याची उपमा येथे अधिक शोभते : प्रत्येक खाच हे एक गाडगे आहे आणि कोशाची भिंत हे त्याचे झाकण आहे. निर्गमद्वाराशी पोहोचल्यावर समोरच्या चक्राचा दाता या खाचेत शिरतो व तेलाला तेथून हुसकावून लावतो. हुसकावलेल्या तेलाला मागे जाता येत नाही, कारण मध्यभागी दाते टेकलेले आहेत. त्याला पुढील नळीतच जावे लागते.

दात्यांच्या या टेकण्यावर पुष्कळ काही अवलंबून असल्याने दात्याच्या आकाराला महत्त्व येते. रिळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरून सोडवत नेला असता त्याच्या टोकाने जी वक्ररेषा आखली जाते, तिला इन्व्होल्यूट वक्र म्हणतात. दात्यांसाठी हा वक्र वापरण्याचा विचार अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडला. या आकाराचे दाते फिरताना एकमेकांना अखंड टेकून राहतात आणि एका चक्राची गती दुसऱ्याला एकसारखी देतात. पंपाच्या दृष्टीने पाहता, ही स्पर्शरेषा हीच दोन बाजूंना वेगळे ठेवणारी फिरती झडप आहे.

मूळ कल्पना मात्र याहून जुनी आहे. ग्रहगतीच्या नियमांमुळे सर्वांना परिचित असलेल्या योहानेस केप्लर याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी, खाणींतील पाणी उपसण्यासाठी, झडपांवाचून चालणारा असा पंप कल्पिला होता. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांचे युग उजाडण्यास पुढे सुमारे तीनशे वर्षे लागली. कल्पना सोपी असली तरी ती उपयोगात आणणे सोपे नव्हते. त्याचे कारण पुढे येईल.

प्रवाहाचे मोजमाप

एका फेऱ्यात किती तेल पुढे जाते हे केवळ दात्यांच्या मापांवरून काढता येते. दंतचक्राच्या सरासरी व्यासाला दात्यांच्या संख्येने भागले असता जो आकडा येतो त्याला मॉड्यूल म्हणतात. दोन सारख्या चक्रांच्या पंपात दर फेऱ्याचे घनफळ स्थूलमानाने २π × मॉड्यूलचा वर्ग × दात्यांची संख्या × दात्यांची रुंदी इतके असते. उदाहरणादाखल मॉड्यूल ३ मिलिमीटर, दाते १२ व रुंदी २० मिलिमीटर घेऊ. उत्तर सुमारे १३.६ घन सेंटिमीटर येते. हा पंप मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरवला, तर मिनिटास २०.४ लिटर तेल पुढे जावयास हवे; ५०० फेऱ्यांनी फिरवला, तर ६.८ लिटर. दाबाचा या आकड्यात कोठेही उल्लेख नाही, ही गोष्ट वाचकाने ध्यानी ठेवावी. दर फेऱ्याला ठरावीक घनफळ पुढे सरकवणे एवढेच या पंपाचे काम आहे. म्हणून त्याला निश्चित-विस्थापन पंप म्हणतात. विहिरीवरील केंद्रोत्सारी पंपाची गोष्ट निराळी आहे. त्याचे मुख बंद केले तर तो आतल्या आत पाणी घुसळत राहतो; दंतचक्र-पंपाला तशी सवलत नाही.

दाब कोठून येतो?

आता पंपाचे निर्गमद्वार उघड्या नळीने परत टाकीला जोडू. तेल मुक्तपणे वाहते आणि दाबमापकाचा काटा जवळजवळ शून्यावर राहतो. तीच नळी ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरला जोडली आणि त्याच्या दट्ट्यावर साडेसात टन भार ठेवला, तर काटा सुमारे १५० बारपर्यंत चढतो. एक बार म्हणजे स्थूलमानाने दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम भार. दट्ट्याचे क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर असल्याने हा हिशेब सहज जुळतो. भार निम्मा केला तर दाबही निम्मा होतो. पंप तोच, गती तीच आणि प्रवाहही जवळजवळ तोच. बदलला तो केवळ भार. याचा अर्थ असा, की पंप दाब निर्माण करीत नाही; तो प्रवाह निर्माण करतो, आणि प्रवाहाच्या वाटेत जो विरोध उभा असेल त्याच्या प्रमाणात दाब चढतो. बंदिस्त द्रवातील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे पास्कालच्या १६६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील तत्त्व या हिशेबाच्या मुळाशी आहे.

विरोध अमर्याद झाला, म्हणजे वाट अजिबात बंद झाली तर काय होईल? १५० बार दाबाखाली तेल सुमारे एक टक्काच आकुंचन पावते. पंपापुढील बंद नळीत एक लिटर तेल मावत असेल, तर त्यात आणखी १० घन सेंटिमीटर तेल कोंबताच दाब १५० बारवर जातो. आपला पंप एका फेऱ्यातच १३.६ घन सेंटिमीटर तेल ढकलतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या गतीने एवढ्यासाठी सेकंदाचा तिसावा भागही पुरे होतो. पुढच्या काही फेऱ्यांत नळी, कोश अथवा दंड यांपैकी जे दुबळे असेल ते तुटते. सुरक्षा-झडपेचे प्रयोजन हे आहे. ठरावीक दाबाला ती उघडते व तेलाला टाकीकडे परत जाण्याची वाट देते. ती दाब उत्पन्न करीत नाही, दाबाला फक्त वरची सीमा घालते.

झडप उघडली म्हणजे सारे सुरक्षित झाले, असेही नाही. १५० बारला मिनिटास सुमारे १९ लिटर तेल झडपेतून जात राहिले, तर सुमारे ४.७ किलोवॉट शक्तीची सरळ उष्णता होते. टाकीत २० लिटर तेल असेल, तर त्याचे तापमान दर मिनिटास सुमारे ८ अंश सेल्सिअसने वाढते. नांगर पूर्ण वर आल्यावरही दांडी तशीच ओढून धरण्याची सवय काही यंत्रांत किती महागात पडते, हे यावरून दिसेल.

फटींचे गणित

वर प्रवाहाचा जो आकडा काढला तो प्रत्यक्षात पूर्ण हाती येत नाही. चक्रे फिरावयाची तर त्यांच्या व कोशाच्या दरम्यान काही अंतर ठेवावेच लागते. दात्यांची टोके व भिंत यांमध्ये, टेकलेल्या दात्यांमध्ये आणि विशेषेकरून चक्रांच्या दोन्ही बाजूंचे सपाट पृष्ठभाग व त्यांना लागून असलेल्या चकत्या यांमध्ये, काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत फटी असतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या फटींच्या सूक्ष्मतेची कल्पना येईल. दाबाच्या बाजूचे तेल या फटींतून सतत मागे झिरपत असते.

या झिरपण्याचे नियम स्पष्ट आहेत. अरुंद सपाट फटीतून जाणारा प्रवाह दाबाच्या समप्रमाणात व तेलाच्या श्यानतेच्या, म्हणजे दाटपणाच्या, व्यस्त प्रमाणात असतो. फटीच्या उंचीशी मात्र त्याचे प्रमाण घनाचे आहे : फट दुप्पट झाली, तर गळती आठपट होते. चक्राच्या गतीचा या नियमात फारसा संबंध नाही. पंपाच्या आयुष्यातील बहुतेक सर्व घटनांचा उलगडा या चार विधानांवरून होतो.

केप्लरची कल्पना इतकी वर्षे का खोळंबली, हेही यावरून समजते. पाण्याची श्यानता तेलाच्या मानाने अत्यल्प. तेव्हा त्याच फटीतून पाणी कितीतरी पट अधिक निसटणार. शिवाय पाणी धातूंच्या दरम्यान टिकाऊ पटल धरत नाही. मायक्रॉनांच्या हिशेबाने धातू कापण्याची व घासण्याची साधने आणि खनिज तेल या दोहोंची सांगड पडल्यावरच हा पंप मोठ्या दाबाला उभा राहू शकला. तेल येथे भार वाहणारे द्रव्य आहे, फटी अडवणारे पूरण आहे आणि वंगणही आहे. वंगणाचे पटल धातूंना वेगळे कसे ठेवते याची गणिती उपपत्ती ऑस्बर्न रेनॉल्ड्झ याने १८८६ मध्ये दिली.

सर्व फटी कायमच्या अत्यंत अरुंद का ठेवू नयेत, असा प्रश्न येथे उद्भवतो. त्याचे उत्तर चक्रांवरील भारात आहे. प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंत चक्राच्या परिघाभोवती दाब वाढत जातो. त्यामुळे चक्र एकसारखे प्रवेशद्वाराच्या बाजूस रेटले जाते. आपल्या उदाहरणातील पंपात १५० बारला हा रेटा प्रत्येक चक्रावर सुमारे एक टन असतो. मुठीत मावणाऱ्या चक्राच्या दंडाला व धारव्यांना तो सोसावा लागतो. दंड किंचित वाकतो, चक्र भिंतीकडे सरकते, आणि नव्या पंपात दात्यांची टोके प्रवेशद्वाराच्या बाजूची भिंत किंचित खरवडून आपली वाट स्वतःच करून घेतात. ॲल्युमिनियमच्या कोशात दिसणारा हा उथळ माग दोष नव्हे. तो खोल होत गेला, तर मात्र धारवे झिजल्याचे ते लक्षण समजावे.

बाजूंच्या फटींसाठी अधिक चतुर उपाय योजलेला असतो. चक्रांच्या दोन्ही अंगांना पक्क्या न बसवलेल्या, किंचित सरकू शकणाऱ्या चकत्या ठेवतात आणि त्यांच्या पाठीमागे रबरी कड्याने आखलेल्या ठरावीक क्षेत्रावर पंपाच्याच दाबाचे तेल सोडतात. दाब वाढला, की चकती चक्राकडे थोडी अधिक रेटली जाते; कमी झाला, की सैल पडते. पाठीमागचे क्षेत्र असे निवडलेले असते, की चकती चक्राला रगडू नये आणि दूरही जाऊ नये. पंप उघडून जोडताना हे कडे उलटे बसले अथवा एखादे तुटके कडे तसेच ठेवले, तर सर्व भाग नवे असूनही पंप भार उचलत नाही.

कोंडलेले तेल आणि अपुरे तेल

स्पर्श अखंड राहावा म्हणून दात्यांची एक जोडी सुटण्यापूर्वी दुसरी गुंतावी लागते. त्या क्षणी दोन जोड्यांच्या दरम्यान थोडे तेल कोंडले जाते. फिरण्याबरोबर ही कोंडलेली जागा प्रथम आकसते व मग विस्तारते. आकसताना तेलाला वाट मिळाली नाही, तर दाब भयंकर चढेल. विस्तारताना तेल मिळाले नाही, तर पोकळी उत्पन्न होईल. म्हणून बाजूच्या चकत्यांवर दोन लहान खाचा कोरतात : आकसण्याच्या वेळी एक खाच त्या जागेला निर्गमद्वाराशी जोडते, विस्तारण्याच्या वेळी दुसरी प्रवेशद्वाराशी. हा पंप जो गुणगुणता आवाज करतो तोही दात्यांच्या या एकामागून एक येण्याचा. १२ दाते व मिनिटाला १,५०० फेरे म्हणजे सेकंदाला ३०० स्पंदने.

याहून निराळा, कडकडणारा आवाज येऊ लागला, तर प्रवेशद्वाराकडे पाहावे. पंप तेल ओढून घेतो असे आपण म्हणतो. पण द्रवाला असे ओढता येत नाही. खाच रिकामी होते तेव्हा टाकीतील तेलावरचा वातावरणाचा दाब त्याला आत लोटतो, आणि हा दाब एका बारच्या आसपासच असतो. निर्गमाकडे १५० बारांचा व्यवहार, तर प्रवेशाकडे जेमतेम एका बारचे भांडवल. खनिज तेलात वातावरणाच्या दाबाला घनफळाच्या सुमारे ९ टक्के हवा विरघळलेली असते. गाळणी तुंबल्याने, नळी अरुंद असल्याने अथवा थंडीत तेल घट्ट झाल्याने प्रवेशाकडील दाब घसरला, की ही हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते. असे बुडबुडे दाबाच्या बाजूस पोहोचताच एकदम मिटतात आणि मिटताना जवळच्या धातूचे कण उडवतात. कारखान्यात याला कॅव्हिटेशन म्हणतात. सैल जोडातून बाहेरची हवा आत आल्यानेही असाच आवाज येतो. मात्र अशा वेळी टाकीतील तेल फेसाळलेले व दुधट दिसते.

दुपारच्या नांगराचे कोडे

आता प्रारंभीच्या अनुभवाकडे वळू. समजा, आपल्या उदाहरणातील पंप नवा असताना ८० अंश तापलेल्या तेलावर १५० बारला मिनिटास १.६ लिटर गळती देतो, म्हणजे १,५०० फेऱ्यांच्या प्रवाहाच्या ८ टक्के. तेलातील बारीक कचऱ्याने कालांतराने सर्व फटी दुप्पट झाल्या. गळती आठपट, म्हणजे मिनिटास सुमारे १३ लिटर झाली. एंजिन जलद चालत असेल, तर २०.४ पैकी ७.४ लिटर तेल अजून सिलिंडरकडे जाते व नांगर रेंगाळत का होईना, वर येतो. एंजिन मंद केले, की पंप एकूण ६.८ लिटरच तेल देतो. सारे तेल फटींतून परत जाते आणि दाब सुमारे ७८ बारवर अडतो. नांगराला १५० बार हवे असतील, तर तो हलणार नाही.

मग सकाळी तो कसा उचलला गेला? नेहमीच्या एका तेलाची श्यानता ४० अंशांवर ४६ सेंटिस्टोक असते. ८० अंशांवर ती जवळजवळ एकचतुर्थांश राहते. सकाळच्या दाट तेलामुळे तीच गळती १३ ऐवजी सव्वातीन लिटरांच्या आसपास होती, म्हणून मंद गतीलाही साडेतीन लिटर तेल शिल्लक राहत होते. झीज सकाळीही तेवढीच होती. दाट तेलाने ती झाकली होती. शिवाय १५० बारवरून फटीतून निसटणारे तेल त्या एका वाटचालीतच सुमारे ९ अंशांनी तापते. गळतीने तेल तापते, तापल्याने ते पातळ होते आणि पातळ झाल्याने आणखी गळते, असे हे चक्र आहे.

सुरक्षा-झडप १७५ बारला उघडणारी असेल आणि दाब ७८ बारच्या वर जातच नसेल, तर ती झडप अगोदरच बंद आहे. बंद दाराला आणखी एक कडी घातल्याने घरातून वाहून जाणारे पाणी थांबत नाही. पुढे नवा पंप बसवला गेला, की आवळलेल्या त्या झडपेखाली दाब मर्यादेबाहेर चढतो, आणि पहिल्या दिवशी केलेली चूक त्या दिवशी फळास येते.

योग्य परीक्षा अशी : तेल कामाच्या तापमानाला येऊ द्यावे, पंपाच्या निर्गमाशीच प्रवाहमापक व नियंत्रक झडप जोडावी, एकाच गतीला प्रथम भाराविना व मग हळूहळू दाब वाढवीत प्रवाह मोजावा. भाराविना प्रवाह पूर्ण, पण दाबाखाली तो फार घटत असेल, तर फटी वाढल्या आहेत. भाराविनाही प्रवाह अपुरा असेल, तर दोष प्रवेशाकडे, गाळणीत अथवा नळीत शोधावा. पंपाचा प्रवाह दोन्ही वेळा ठीक असेल, तर गळती पुढे सिलिंडरात किंवा झडपांत आहे. ही परीक्षा झाल्यावाचून सुरक्षा-झडपेला हात लावू नये. गाळणी वेळेवर बदलण्याचे महत्त्वही येथे सांगितले पाहिजे. उघड्या डोळ्यांना सुमारे ४० मायक्रॉनांपेक्षा लहान कण दिसत नाहीत, आणि फटींएवढ्या मापाचे कणच सर्वांत अधिक झीज करतात; तेव्हा स्वच्छ दिसणारे तेल स्वच्छ असेलच असे नाही.

एका फटीचा उल्लेख शेवटी केला पाहिजे, कारण ती पंपात नसून माणसाच्या हाताशी असते. दाबाच्या नळीला सुईच्या अग्राएवढे छिद्र पडले, तर त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना धड दिसतही नाही, पण ती कातडी भेदून आत शिरू शकते. जखम टाचणी टोचल्यासारखी भासते व प्रारंभी फारशी दुखतही नाही. परंतु आत गेलेल्या तेलाने बोट किंवा हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा जखमेवर तत्काळ शस्त्रक्रियेचा उपचार लागतो, आणि रुग्णालयात ‘दाबाखालील तेल आत गेले आहे’ असे स्पष्ट सांगावे लागते. म्हणून गळती हाताने चाचपू नये. यंत्र थांबवून, भार जमिनीवर टेकवून व दाब उतरवूनच जोड सोडावेत, आणि शोध घ्यावयाचाच असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून घ्यावा.